ग्राफिक्स कार्ड ९५ अंशांवर, वॉरंटीत काय मागावं?

प्रश्न: गेम सुरू केला की दहा मिनिटांत जीपीयू (ग्राफिक्सची चिप) ९५ अंशांवर जातो, स्क्रीनवर रंगीत चौकोन उमटतात, मग लॅपटॉप बंद. वॉरंटीचे दोन महिने उरलेत. चिपवरची थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलू का?

उत्तर १: आत्ता उघडू नका. बाहेरूनच हवेच्या जाळीतली धूळ काढा. तरी चौकोन दिसले तर दोष बहुधा व्हीरॅममध्ये (ग्राफिक्सच्या मेमरीत) किंवा चिपखालच्या सोल्डरमध्ये (चिप बोर्डाला जोडणाऱ्या धातूत) आहे. तो पेस्टने जात नाही.

उत्तर २: सहमत. बहुतेक लॅपटॉपात जीपीयू मदरबोर्डवरच सोल्डर केलेला असतो, म्हणून अख्खा बोर्डच बदलून मागा. तापमानाची नोंद आणि चौकोनांचा व्हिडिओ जोडून तक्रार लेखीच करा. बॅकअप घ्याच! बोर्डासोबत टीपीएमही (कुलपाच्या किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) बदलतो, तेव्हा बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा.

उत्तर ३: लॅपटॉप परत आल्यावर अर्धा तास जड गेम चालवून तापमान पुन्हा बघा.