मदत हवी आहे : समोरच्याला पश्चात्ताप नसेल, तर क्षमेचा अर्थ काय?

आम्ही वसईचे कॅथलिक. वडिलांच्या पश्चात चुलत भावाने आमच्या वाडीचा बांध हळूहळू सरकवला. चूक मात्र तो आजही मान्य करत नाही. रविवारी चर्चमध्ये मिस्साबलिदानात (सामूहिक उपासनेत) ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणून झाल्यावर शांतीसाठी एकमेकांना हात जोडायचे असतात, तेव्हा पुढच्या बाकावरून तो वळतो आणि माझे हात जोडले जात असले तरी नजर खालीच राहते.

बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात पेत्र या शिष्याने सात वेळा क्षमा करावी का असे विचारले असता प्रभू येशू सातांच्या सत्तर वेळा म्हणतात, आणि तिथे कोणतीही अट नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायात मात्र भावाने पश्चात्ताप केला तर त्याला क्षमा कर, असे आहे. या दोन्हींचा मेळ कसा घालावा?

ओडिशात जानेवारी 1999 मध्ये पती, ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स, आणि दोन कोवळी मुले जाळली गेल्यावर ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले, तरी खटला चालला आणि शिक्षाही झाली. म्हणजे मनातला राग सोडणे आणि हक्क सोडणे या वेगळ्या गोष्टी आहेत, असे मला वाटते. मग जमिनीच्या मोजणीसाठी अर्ज करूनही मी चुलत भावाला मनापासून क्षमा करू शकतो का? धर्मशास्त्र शिकलेल्यांनी, आणि त्याहूनही अशा प्रसंगातून गेलेल्यांनी, कृपया सविस्तर लिहावे.