मदत हवी आहे: शेजारी देशांमधली सुरक्षा आव्हानं, सोमवारी पेपर वाचायचाय, कुठली जागा धरू?

किनारा (गुरुवार, रात्री ९:४०)

नमस्कार, घाईत लिहितेय. सोमवारी पेपर आहे, विषय शेजारी राष्ट्रांमधली पारंपरिक आणि उदयोन्मुख सुरक्षा आव्हानं. मी दोन भाग केले होते, एका बाजूला सीमा, युद्ध, अण्वस्त्रं, घुसखोरी आणि दुसऱ्या बाजूला पाणी, हवामान, सायबर, ड्रोन, अमली पदार्थ. मॅडमनी परत पाठवलं, म्हणाल्या ही यादी झाली, एक जागा धर आणि ती नीट दाखव. मी खाडीचं घ्यायचं म्हणतेय पण ते पारंपरिकमध्ये टाकायचं की उदयोन्मुखमध्ये तेच कळत नाहीये. प्लीज लवकर सांगा. लिंका देऊ नका, वाचायला वेळच नाहीये.

चौकस (९:५२)

कुठली खाडी? ठाण्याची, इराणजवळची की बंगालची? आणि पेपर म्हणजे परीक्षेचा की सेमिनारचा? एमए का? किती मिनिटं आहेत? मराठीत वाचायचाय की इंग्रजीत? एवढं सगळं अर्धवट सांगून लवकर सांगा म्हणालीस तर कोण काय सांगणार.

अभ्यासू_मन (१०:०५)

माझं ऐकशील तर आधी सिद्धांत पक्का कर. बॅरी बुझान या ब्रिटिश अभ्यासकांनी सुरक्षेची पाच क्षेत्रं मांडली, लष्करी, राजकीय, आर्थिक, सामाजिक आणि पर्यावरणीय. मग १९९४ चा संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा मानव विकास अहवाल घे, मानवी सुरक्षा ही कल्पना तिथून सगळीकडे पोचली आणि त्यामागे पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक होते, म्हणजे आपल्याच शेजारचा माणूस, हे आवर्जून सांग. त्याच्यापुढे सार्क, बिमस्टेक या शेजारी देशांच्या संघटना. मी स्पर्धा परीक्षेला असंच लिहायचो आणि मार्क मिळायचे.

किनारा (१०:११)

सर क्रीक हो, दुसरी कुठली. एमए राज्यशास्त्र, सेमिनार, वीस मिनिटं, मराठीत. सिद्धांत झालाय लिहून, तोच तर परत आलाय.

निवृत्त_नौसैनिक (१०:३४)

मग यात गोंधळ कसला, हे शंभर टक्के पारंपरिक. कच्छच्या रणातला ९६ किलोमीटरचा दलदलीचा पट्टा, पाकिस्तान म्हणतं हद्द पूर्वेच्या काठावर आणि आपण म्हणतो प्रवाहाच्या मधोमध. दोघंही १९१४ चाच ठराव दाखवतात, मुंबई सरकारने सिंध आणि कच्छचे राव यांच्यातल्या भांडणात केलेला, कारण त्याच ठरावात दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचं वाक्य सापडतं. पाकिस्तान म्हणतं मध्यरेषेचा नियम जहाजं जातात अशा नदीला लागतो, ही खाडी तशी नाही. आपण म्हणतो भरतीला बोटी जातात, म्हणजे लागतो. १९६५ नंतर कच्छच्या रणाचा वाद लवादाकडे गेला, १९६८ ला निकाल लागला, पण ही खाडी त्यातून बाहेर ठेवलेली होती. २००७ मध्ये दोघांनी मिळून सर्वेक्षण केलं तरी गाडी तिथेच अडली.

नकाशावर एवढीशी दिसते म्हणून सोडू नकोस. खाडीचं तोंड कुठे धरता त्यावर समुद्रातली पुढची सगळी रेषा ठरते, इथे थोडं सरकलं की आत खोल समुद्रात किती क्षेत्र इकडचं तिकडे जाईल ते पट्टी ठेवून बघ. आजही भारत आणि पाकिस्तान यांच्यात ठरलेली सागरी हद्द नाही. चार्टवर काढतात ती मानलेली रेषा आहे.

चौकस (१०:५१)

काका, शंभर टक्के पारंपरिक कसं? दलदल आहे ती, दर पावसाळ्यात गाळ येतो, पाट बदलतो. आणि वरून शेजारच्या सिंधूचं पाणी बघा. पाकिस्तानातल्या कोटरी बंधाऱ्याच्या खाली समुद्रात पोचणारं पाणी गेल्या कित्येक दशकांत घटत आलंय, त्यामुळे सिंधूच्या मुखाकडची जमीन खारी होतेय, खारफुटी आणि मासळी दोन्हींवर परिणाम झालाय. १९६० चा सिंधू जल करार आपण एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर स्थगित ठेवला, म्हणजे पाणी थेट सुरक्षेच्या टेबलावर आलं. याला पारंपरिक म्हणणार की उदयोन्मुख?

निवृत्त_नौसैनिक (११:०३)

पाणी हा वेगळा विषय, त्यात खाडी बुडवू नका. मुलीचा पेपर पसरेल. मॅडमनी एक जागा धर म्हटलंय.

चौकस (११:०८)

जागा एकच आहे काका, पाणीही तिथलंच आहे.

पूर्वेकडचा (११:२२)

मी तर म्हणेन खाडी सोड आणि बांगलादेश घे. भारत-बांगलादेश सागरी सीमेचा वाद लवादात गेला, जुलै २०१४ मध्ये निकाल आला, वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशला मिळाले आणि आपण तो निकाल मान्य केला. ज्या न्यू मूर बेटावरून दोघं भांडत होते ते तर त्याच्या आधीच पाण्याखाली गेलं. त्यात हद्दही आली आणि समुद्राची पातळीही आली. सुटलेलं उदाहरण आहे, वीस मिनिटांत बसेल.

निवृत्त_नौसैनिक (११:३०)

तिला खाडी विचारायचीये, तुम्ही तिला सुंदरबनला नेताय.

वसईचा_नाखवा (शुक्रवार, सकाळी ६:१५)

सगळे मोठमोठं बोलताय, आमच्याकडे या. सुरक्षा म्हणजे आमच्या समुद्रात मासा राहिला का ते बघा. एलईडी लावून मासेमारीला केंद्राने २०१७ ला बंदी घातली, तरी रात्री दर्यात उजेड दिसतो. हाताच्या पंजाएवढं पापलेट जाळ्यात येतं, ते मोठं व्हायच्या आधीच बाजारात जातं. इथे मासा कमी झाला म्हणून पोरं वर गुजरातला जातात, ओखा, पोरबंदर, वेरावळ, आणि तिथल्या बोटी अजून वर जातात. हे पेपरात घाल ताई.

चौकस (६:४०)

नाखवा, तुम्ही जे सांगितलं ना तोच दुवा मला सापडत नव्हता. इथला मासा संपतो म्हणून माणूस रेषेपर्यंत जातो. आणि रेषा ठरलेली नाही.

वकील_डहाणूकर (९:२०)

कायद्याची बाजू कुणीच घेतली नाही म्हणून लिहितो. संयुक्त राष्ट्रांचा समुद्रविषयक कायदा भारताने १९९५ ला आणि पाकिस्तानने १९९७ ला मंजूर केला. त्याच्या कलम ७३ प्रमाणे दुसऱ्याच्या आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापुढे जिथे मासेमारीचा हक्क त्या देशाचा असतो तिथे, मासेमारी केली म्हणून पकडलेल्या माणसांना, दोन देशांत वेगळा करार नसेल तर, कैदेत टाकता येत नाही, जामीन घेऊन बोट आणि माणसं लवकर सोडायची असतात. प्रत्यक्षात काय होतं? विनापरवाना हद्दीत आलात असं कलम लागतं, शिक्षा होते काही महिन्यांची आणि ती भोगून झाल्यावरही माणूस आत राहतो, कारण तो नक्की आपलाच आहे हे त्याच्या देशाने कळवेपर्यंत कुणी सोडत नाही. दोन्हीकडे हेच चालतं, त्यांचे कोळीही आपल्याकडे असतात.

२००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या याद्या देतात, त्यात मच्छीमार वेगळे मोजलेले असतात. आणि हे लक्षात ठेव, त्याच १ जानेवारीला अणुप्रकल्पांच्या याद्याही देतात, १९८८ च्या कराराप्रमाणे, १९९२ पासून एकही वर्ष न चुकता. अणुभट्टी आणि खलाशी एकाच दिवशी. तुझ्या दोन रकान्यांचं काय करायचं ते आता तूच ठरव.

करिअर_मित्र (९:४५)

ताई नेट-सेटची तयारी सुरू केलीस का? राज्यशास्त्रात आंतरराष्ट्रीय संबंधांवर बरेच प्रश्न येतात, आत्तापासून रोज दोन तास दिलेस तर पहिल्याच प्रयत्नात होईल. स्लाइड बारापेक्षा जास्त नको.

निवृत्त_नौसैनिक (१०:१०)

वकीलसाहेबांचा मुद्दा मान्य, पण दुसरी बाजूही ठेवा. २६/११ चे दहशतवादी 'कुबेर' या पोरबंदरच्या मासेमारी बोटीतून आले. तेव्हापासून समुद्रात दिसणारी प्रत्येक लहान बोट आम्हाला संशयानेच बघावी लागली, खलाश्यांना बायोमेट्रिक ओळखपत्रं त्यानंतरच मिळाली. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्रा बंदरात जवळपास ३,००० किलो हेरॉइन सापडलं, अफगाणिस्तानातून इराणच्या बंदर अब्बासमार्गे आलेलं. पाळत ठेवायची ती काही हौस म्हणून नाही.

चौकस (१०:१८)

ते हेरॉइन कंटेनरमधून आलं होतं काका, मासेमारीच्या बोटीतून नाही.

निवृत्त_नौसैनिक (१०:२५)

ते बरोबर. पण बोटींमधूनही येतं आणि पकडलंही जातं. मी त्या समुद्रात गस्त घातलीय, रात्री दिव्याशिवाय उभी असलेली बोट जाळं टाकून आहे की आणखी कशासाठी, हे जवळ जाईपर्यंत कळत नाही. आणि जवळ जाताना आपल्याही पोटात गोळा येतो.

सुलभा_पु (दुपारी १:०५)

किनारा, एक विचारू का? तू पहिल्या ओळीत नुसतं 'खाडीचं' लिहिलंस, जसं काही सगळ्यांना माहीतच आहे. तू डहाणू-पालघरकडची आहेस का? तुझ्या घरचं कुणी बोटीवर आहे का?

किनारा (रात्री ८:३०)

हो, तलासरीकडची. बाबा जायचे ओख्याच्या बोटीवर खलाशी म्हणून. त्यांना पकडलं होतं, साडेतीन वर्षांनी परत आले, मी तेव्हा शाळेत होते. पेपरात घरचं घालता येतं असं वाटलंच नाही म्हणून लिहिलं नाही. आमच्या पाड्यातून चार जण गेलेले होते, आमच्याकडे नुसतं खाडी म्हटलं की सगळ्यांना कळतं.

सुलभा_पु (८:४१)

अगं मग तू इथे काय शोधतेयस? बाबांजवळ बस आज. बोटीवर का गेले, किती पैशांवर, रेषा कशी कळायची, घरी कसं समजलं. त्यांना बोलायचं नसेल तर आईला विचार. बाकी सगळं सोड.

अभ्यासू_मन (९:००)

वैयक्तिक अनुभव संशोधनात पुरावा म्हणून चालत नाही, परीक्षक उडवतील. संशोधन पद्धती वाचून घे आधी.

वकील_डहाणूकर (९:१२)

चालतो. मुलाखत म्हणून नोंदवायची, तारीख टाकायची, परवानगी घ्यायची. असे लोक आपल्याकडे गावागावात आहेत आणि त्यांना कुणी विचारत नाही.

किनारा (शनिवार, रात्री ११:५०)

बसले काल आणि आज दोन्ही दिवस. जसं सांगितलं तसं लिहिते, सुसूत्र नाहीये.

भाताची लावणी आटोपली की बोटीच्या मालकाचा माणूस पाड्यावर येतो, उचल देतो. बाबांनी त्या वर्षी उचल घेतली ती आजीच्या दवाखान्यासाठी. उचल फिटेपर्यंत बोट सोडता येत नाही, तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, जिथे नेईल तिथे जायचं. जीपीएस तांडेलकडे. बाबा म्हणाले आम्हाला रेषा कुणी कधी दाखवली नाही, पाण्यावर काय दिसणार. एवढंच माहीत की वर गेलं की घोळ मासा मिळतो आणि घोळ मिळाला की मालक खूश.

पकडलं ते पहाटे. जाळं पाण्यात होतं, ते ओढत ओढत बोट किती सरकली ते कुणालाच माहीत नाही. मोठी बोट बाजूला आली तेव्हा बाबा बर्फ फोडत होते, हातात बर्फ फोडायचा टोच्या होता, तो आधी खाली टाक म्हणून एकाने ओरडून सांगितलं. भाषा कळली म्हणाले, आपल्या हिंदीसारखीच.

घरी कळलं ते बारा दिवसांनी, मालकाच्या फोनवरून शेजाऱ्यांकडे. मग पोलीस आले, रेशनकार्ड बघितलं, माझ्या शाळेत जाऊन दाखल्यावरचं बाबांचं नाव तपासलं, पाड्यातल्या दोघांचे जबाब घेतले. मला वाटायचं बाबांनी काहीतरी केलंय म्हणून पोलीस आलेत. शाळेत मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पहिलं पत्र आलं ते आई राब भाजत होती तेव्हा, म्हणजे पावसाआधी भाताच्या रोपांची जागा पालापाचोळा जाळून तयार करतात तेव्हा. पत्रात विचारलं होतं भात कापून झालं का, म्हणजे लिहिलेलं दिवाळीच्या आसपासचं. आईला वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं. तिने उत्तर सांगितलं, झालं कापून म्हणून लिही. तेव्हा कापून सहा महिने झाले होते आणि निम्मं आम्ही मजुरी देऊन कापून घेतलं होतं, ते तिने लिहू दिलं नाही.

शिक्षा त्यांची केव्हाच संपली होती असं बाबा म्हणतात. बोट काही परत आली नाही. आणि उचल शिल्लक राहिली ती आईने वीटभट्टीवर जाऊन फेडली.

निवृत्त_नौसैनिक (रविवार, सकाळी ६:०५)

बेटा, वाचलं. मी ज्यांना लांबून दुर्बिणीतून बघायचो ते हेच लोक. शंभर टक्के पारंपरिक असं मी म्हणालो होतो ते मागे घेतो.

एक तांत्रिक भर घालतो, उपयोगी पडेल. इस्रोने उपग्रहावर चालणारी दुतर्फा संदेशयंत्रं केली आहेत, बोट रेषेजवळ गेली की इशारा येतो आणि १ लाख बोटींवर बसवायची योजना आहे. पण इशारा तांडेलला येणार, तुझ्या बाबांना नाही, हे तुझ्यामुळे माझ्या लक्षात आलं.

चौकस (७:२०)

आता क्रम असा लाव. पत्रापासून सुरू कर. मग पत्राला सहा महिने का लागले, तिथून वकीलसाहेबांचं कलम ७३ आणि १ जानेवारीच्या याद्या. मग रेषा का नाही, तिथे १९१४. मग माणूस तिथपर्यंत का गेला, तिथे उचल, नाखव्यांचा मासा आणि सिंधूचं पाणी. पारंपरिक आणि उदयोन्मुख हे शब्द तोपर्यंत काढूच नकोस. विचारलं तर सांग.

पूर्वेकडचा (८:०२)

शेवटी दोन मिनिटं बांगलादेशच्या निकालाला देच. हद्द ठरवता येते हे दाखवायला तरी.

किनारा (१०:१५)

हो, दोन मिनिटं ठेवते. सगळ्यांना मनापासून धन्यवाद. एकच राहिलं, बाबा म्हणतात बोल पण माझं नाव घालू नको आणि बोटीचंही नको, मालकाचे लोक अजून पाड्यावर येतात. नाव नसेल तर मॅडम चालवतील का?

वकील_डहाणूकर (१०:२०)

चालवतील. 'एक माजी खलाशी, तलासरी तालुका' एवढंच लिही. पाड्याचं नाव नको, पकडलं ते वर्षही नको, त्यावरून माणूस ओळखता येतो. महिना ठेव, भातासाठी लागेल तो.