बाळाच्या आतड्यात नसांच्या पेशीच नाहीत म्हणतात, म्हणजे नेमकं काय?

मोठीताई_सोलापूर: बहिणीचं बाळ 6 दिवसांचं आहे, पहिली काळी शी दोन दिवस झालीच नाही, पोट टम्म फुगलं, हिरवी उलटी झाली, आता बायोप्सी करून (आतड्याचा बारीक तुकडा तपासून) हिर्शस्प्रुंग नावाचा आजार आहे म्हणाले. आतड्यात मेंदूसारख्या पेशी असतात का खरंच? बहीण सारखी रडतेय, माझं काही चुकलं का विचारते.

पॅथॉलॉजी_विद्यार्थी: ताई, आधी तिला सांगा, तिचं काहीच चुकलेलं नाही. आतड्याच्या भिंतीत नसांचं, म्हणजे रक्तवाहिन्यांचं नाही तर मज्जातंतूंचं, स्वतःचं जाळं असतं, त्याच्या पेशी गर्भात मानेकडून खाली सरकत सरकत गुदाशयापर्यंत जातात, त्या मधेच थांबल्या की खालचा भाग आवळलेलाच राहतो आणि वरचा फुगत जातो. साधारण 5000 बाळांत एकाला होतं, काही घरांत रेट नावाच्या जीनमधला बदल सापडतो.

आरवची_आई: माझ्या मुलाचं ऑपरेशन झालंय, नसा नसलेला तुकडा काढून चांगलं आतडं खाली ओढून जोडतात. आता डबा चाटूनपुसून खातो. पण घरी गेल्यावर ताप, पोटफुगी, घाण वासाची पातळ शी असं काही दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी दवाखाना गाठा, तो आतड्याचा इन्फेक्शनसारखा त्रास जीवावर बेततो.

मोठीताई_सोलापूर: आणि ग्लिया म्हणजे काय, रिपोर्ट समजावताना डॉक्टर बोलले होते?

पॅथॉलॉजी_विद्यार्थी: नसांच्या सोबतिणी. त्यांना सांभाळतात, सूज आली की त्याही बदलतात. उंदरांत त्यांच्यापासून नव्या नसपेशी तयार झालेल्या दिसल्यात, पण बाळांसाठी सध्या उपाय ऑपरेशनच.