दोन फुटी खाऱ्या टँकला फिल्टर कुठला? घरात जुना कॅनिस्टर पडून आहे

डोंबिवली_मासेवाला:
नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याचे माशांचे टँक सात-आठ वर्षं ठेवतोय, आता खाऱ्याची खाज सुटलीय. टँक २ फूट बाय १ फूट, उंची सव्वा फूट, म्हणजे काठोकाठ ७० लिटर धरा, दगड वाळू गेली की पाणी ५० लिटरभर राहील. दोन क्लाउन मासे, एक गोबी मासा आणि जमलंच तर एक क्लीनर श्रिंप, बास. कोरल नकोय.
आता घोळ असा की तीन दुकानं फिरलो आणि तीन उत्तरं मिळाली. एक म्हणतो स्किमरशिवाय (बुडबुड्यांनी घाण बाहेर काढणारं यंत्र) खाऱ्याला हातच लावू नको, दुसरा म्हणतो संपच (टँकखाली फिल्टरची दुसरी टाकी) कर, तिसरा मला हँगऑन (काचेच्या काठाला टांगायचा फिल्टर) गळ्यात मारत होता. माझ्याकडे जुन्या टँकचा कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) आहे, चांगला चालतोय, तोच लावला तर काय बिघडलं? भाड्याचा फ्लॅट आहे, त्यामुळे काचेला भोक पाडून खाली संप वगैरे नको, आणि आईने आधीच सांगितलंय की फरशीवर मिठाचं पाणी सांडलं तर मासे आणि मी दोघं जिन्यात. फिल्टरसाठी सहा-सात हजार काढलेत.

खारट_ठाणे:
दादा, फिल्टर नंतर बघू, आधी सांग दगड कुठला घेणारेस? कारण खाऱ्या टँकमधे खरा फिल्टर म्हणजे दगडच. माशाच्या शी-शूतून अमोनिया, त्याचं नायट्राइट, त्याचं नायट्रेट, हे गोड्यासारखंच चालतं, पण हे काम करणारे जीवाणू सच्छिद्र दगडाच्या भोकाभोकात बसतात आणि अगदी आत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे दुसरे जीवाणू थोडंफार नायट्रेटही संपवतात. तुझ्या टँकला ६ किलोच्या आसपास दगड पुरेल, फक्त भिंत रचल्यासारखा लावू नको, मधून पाणी फिरलं पाहिजे. त्यासाठी एक छोटा वेव्हमेकर (टँकमधे पाणी ढकलणारा पंप) घे, तासाला ५०० ते १००० लिटरवाला.
आणि हो, दुकानात 'लाइव्ह रॉक आहे, खास ठेवलाय' असं कोणी कानात सांगितलं तर तिथून नीघ. आपल्याकडचा तो दगड म्हणजे बहुतेक वेळा समुद्रातून तोडलेलं प्रवाळ असतं, आणि २००१ पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. समुद्रघोडा पण त्यातच, कोणी देतो म्हणाला तरी नको. सिरॅमिकचा कोरडा रॉक घे. सायकल व्हायला, म्हणजे हे जीवाणू दगडात नीट बसायला, चार-सहा आठवडे लागतील तेवढाच फरक, तोवर टँकमधे मासा सोडायचा नाही.
यावर हँगऑन लाव, पण त्याच्यासोबतचं कार्ट्रिज बाजूला ठेव आणि आत साधा फिल्टर फ्लॉस (कापसासारखा असतो तो) भर. तो दर तीन-चार दिवसांनी फेकायचा, धुवायचा नाही. पिवळेपणा आला तर मूठभर कार्बन, महिन्याने बदल. झालं.

निवांत_पुणे:
कॅनिस्टरला उगाच शिव्या घालतात लोक. माझा चार वर्षं खाऱ्यावर चालू आहे. पण खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी मी पण तोंडावर पडलो. गोड्यात कसं आपण तीन-तीन महिने उघडत नाही, तसंच केलं, आणि टेस्ट केली तर नायट्रेट ८० च्या पुढे. मासे मस्त खातपीत होते म्हणून लक्षातच आलं नाही. उघडला तर स्पंजवर बोटभर चॉकलेटी गाळ, न खाल्लेलं खाणं, शी, सगळं आत कुजत बसलेलं आणि सगळं पाणी त्यातूनच फिरतंय. मग घाबरून दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलायला लागलो, पण हिशोब बघ, १० टक्के बदललं की ८० चं ७२ होतं, आणि आठवडाभरात गाळ परत तेवढं भरून देतो. दर रविवारी कॅनिस्टर उघडून धुवायला लागलो तेव्हा कुठे खाली आलं. आता रिंग्स, बायोबॉल (जीवाणूंना बसायला घालतात ते) सगळं काढून टाकलंय, फक्त फ्लॉस आणि कार्बन.
तुझा मूळ प्रश्न, तर चालेल. पण दर आठवड्याला होज काढून, बादलीत उपडा करून, परत हवा काढून लावायची तयारी आहे का? नसेल तर हँगऑन बरा, फ्लॉस दोन मिनिटात बदलतो. जुन्या मीडियातले (फिल्टरच्या आतल्या स्पंज-रिंग्समधले) जीवाणू कामी येतील असं मनात असेल तर सोडून दे, गोड्या पाण्यातले बहुतेक मिठात मरतात. आणि त्यात कधी कॉपरचं औषध टाकलं होतंस का? तसं असेल तर मीडिया फेकूनच दे, श्रिंपला कॉपर म्हणजे विष.

डोंबिवली_मासेवाला:
बापरे, कॉपर टाकलं होतं दोन वर्षांपूर्वी, व्हाइट स्पॉट आला होता तेव्हा. म्हणजे कॅनिस्टर बाद. मग स्किमरचं काय? तो दुकानदार फारच मागे लागलाय.

खारट_ठाणे:
५० लिटरला दोन क्लाउन, आणि दर आठवड्याला ५-७ लिटर पाणी बदलणार असशील तर स्किमर नसला तरी चालतं. चीज भारी आहे हं, वाद नाही. खाऱ्या पाण्यात बुडबुडे अगदी बारीक राहतात, त्यांना घाण चिकटून वर कपात जमा होते, म्हणजे कुजायच्या आधीच बाहेर. गोड्यात हे होत नाही म्हणून तुला नवल वाटत असेल. माझ्या तीन फुटीला आहे, कपात जे साठतं ते दिसायला डिट्टो कटिंग चहा, वास मात्र... आमच्याकडे एकदा पाहुण्यांसमोर कप रिकामा केला, ते अजून बोलून दाखवतात. पण छोट्या टँकचे स्वस्त स्किमर घरघर फार करतात आणि नीट ट्यून होत नाहीत. ते पैसे पाण्याचा खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरला घाल, प्लास्टिकचा काटेवाला हायड्रोमीटर घेऊ नको.

कोकणी_काका:
पोरांनो, एका गोष्टीवर कोणीच बोललं नाहीत, लाइट. गरम खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन गोड्यापेक्षा जवळपास पाचवा हिस्सा कमी मावतो. आमच्याकडे पावसाळ्यात एकदा रात्री पाच तास लाइट गेली. कॅनिस्टर बंद, आतल्या जीवाणूंनी होता नव्हता तो ऑक्सिजन संपवला, आणि पहाटे लाइट आल्याबरोबर ते सडकं पाणी धाडकन टँकमधे. मी झोपेत. उठून बघतो तर दोन क्लाउन आडवे. तेव्हापासून बॅटरीवरचा एअर पंप कायम शेजारी असतो, तीन-चारशेची वस्तू आहे. कॅनिस्टर असलाच आणि तासा-दोन तासापेक्षा जास्त बंद राहिला, तर आतलं पाणी ओतून मगच चालू करा.
दुसरं, मे महिन्यात डोंबिवलीत पाणी ३१-३२ ला जाईल. चिलर परवडत नाही, मग पाण्यावर छोटा पंखा लावा, दोन-तीन डिग्री उतरतं. पण पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं, त्यामुळे रोजचा टॉप-अप साध्या आरओच्या पाण्याने करायचा, मिठाच्या नाही. घरच्या प्युरिफायरला टीडीएस कंट्रोलर असतो, तो बंद करून घ्या, नाहीतर नळाचं पाणी त्यात मिसळतं.
आणि बादली घेऊन चौपाटीवर जाऊ नका. पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी गढूळ आणि पातळ असतं, एरवी काय काय असतं ते बोलायला नको.

डोंबिवली_मासेवाला:
काका, चौपाटीचा विचार खरंच होता डोक्यात 😅
ठरलं मग. हँगऑन, सहा किलो सिरॅमिक, वेव्हमेकर, रिफ्रॅक्टोमीटर, बॅटरीचा पंप, टँकचं मरीन मीठ (घरातलं नाही) लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशोबाने. स्किमर नाही. एकच राहिलं, हँगऑनसोबत जाड स्पंज येतो तो फेकू का?

खारट_ठाणे:
फेकू नको. तुकडा कापून हँगऑनच्या नळीच्या तोंडाला घाल, नाहीतर श्रिंप पहिल्याच रात्री आत ओढला जाईल. आणि तो तुकडा फ्लॉस बदलताना दर वेळी धुवायचा, टँकमधून काढलेल्या पाण्यातच.