तीन गाण्यांची ईपी म्हणजे 'भरणा'? (स्लेयर – हॉन्टिंग द चॅपल)

खर्जातला
'स्लेयर कुठून ऐकावं' या अमेरिकन थ्रॅश मेटल बँडवरच्या धाग्यावर काल एकाने ठोकून दिलं, "हॉन्टिंग द चॅपल सोडा, दोन अल्बमांमधला भरणा आहे." म्हणून हा वेगळा धागा.

'शो नो मर्सी' (पहिला अल्बम, डिसेंबर १९८३) आणि ही १९८४ची ईपी (अल्बमपेक्षा छोटी तबकडी) पाठोपाठ लावा. पहिल्यात आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडची सावली लपत नाही. जोडगिटारीच्या सुरावटी आहेत, मध्येच चढ्या पट्टीतल्या किंकाळ्या आहेत. ईपीवर ते सगळं मागे पडतं. गिटारवादक किंग आणि हॅनेमन रिफ (पुन्हापुन्हा येणारा गिटारचा तुकडा) खालच्या तारेवर तळव्याने दाबून वाजवतात, त्यामुळे सुरापेक्षा ठोका आधी पोचतो. आणि ड्रमर लोंबार्डोचे दोन्ही पाय पेडलवर कामाला लागतात, जे पहिल्या अल्बमवर नव्हतं. 'केमिकल वॉरफेअर'ची सहा मिनिटं भरणा असतील तर मग माल कशाला म्हणायचं?

तबकडीवाला
'भरणा' मीच म्हणालो होतो, नाव घ्यायला लाजू नका. तीन गाणी, जेमतेम साडेतेरा मिनिटं. 'कॅप्टर ऑफ सिन' सुरुवातीच्या गिटारीच्या किंचाळण्यापलीकडे लक्षात राहत नाही. गिटारी पातळ, बेस गिटार शोधावी लागते. अंधारच हवा असेल तर पुढच्याच वर्षी 'हेल अवेट्स' आहे.
आणि ज्यांनी सीडीवर ऐकलंय त्यांनी बोलूच नये. १२ इंची तबकडीवर एका बाजूला दहा मिनिटंही नसली की खाचा रुंद कापता येतात, आवाज मोठा आणि खोल घेता येतो. बावीस मिनिटं कोंबली की आधी खर्ज छाटावा लागतो. सीडीवर चौथं 'अ‍ॅग्रेसिव्ह परफेक्टर' जोडलंय. ते गाणं मुळात १९८३च्या 'मेटल मॅसॅकर ३' या संकलनातलं, इथलं नव्हेच.

खर्जातला
म्हणजे रेकॉर्ड भरणा, पण भरणा ऐकायचा तर मूळ तबकडीवरच! वा.

दोन_पेडल
मुद्दा ड्रमचा आहे, आणि त्यावर कोणी बोलतच नाही. रेकॉर्डिंगला ड्रमसेट गालिचाशिवाय उघड्या काँक्रीटवर मांडला होता. लोंबार्डो वाजवायला लागला की सेट पांगायला लागे. शेवटी जीन होग्लनने (हो, तोच, पुढे डार्क एंजल आणि डेथ या बँडांमधला ड्रमर) टेक संपेपर्यंत तो हातांनी धरून ठेवला. दोन पायांनी वाजवायचं कसं, हेही त्यानेच लोंबार्डोला दाखवलं म्हणतात.

शांतबसा
ही गोष्ट मुलाखतींतून इतकी फिरलीय की आता तिलाच रॉयल्टी द्यायला हवी. सेट सरकण्यात कौतुक कसलं? मांडणी चुकली, इतकंच.

दोन_पेडल
चुकली कशी ते समजून घ्या, मग हिणवा. पेडलचा प्रत्येक घाव बेस ड्रमला (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला) पुढे ढकलतो. एकच ड्रम असेल तर पुढचे दोन पाय तो जोर पेलतात. दोन असले की दोघं आपापल्या दिशेने निघतात, आणि हाय-हॅटचा (पायाने मिटणाऱ्या जोडझांजांचा) स्टँड तिरका होतो. बेस ड्रमच्या पायांना दोन टोकं असतात, रबरी आणि लोखंडी. लोखंडी टोक गालिचात रुततं. काँक्रीटवर रुतायला काही नाही, आणि रबरावर धूळ बसली की तेही घसरतं. उपाय साधा आहे. सेटखाली किमान सहा बाय सहा फुटांचा जाड गालिचा, पाय बाहेरच्या बाजूला तिरके, पुढची कड बोटभर उचललेली, ड्रमपुढे खिळे ठोकून लाकडी पट्टी. काहीच नसेल तर वाळूची पोती.
सेट सरकला तर ऐकायला कळतं. माईक जागेवर आणि ड्रम चार बोटं पुढे, म्हणजे गाण्याच्या शेवटी किकचा (बेस ड्रमचा) आवाज सुरुवातीसारखा राहत नाही. मग मधलाच तुकडा पुन्हा वाजवून जोडायला गेलं की जोड उघडा पडतो. म्हणून अख्खं गाणं एका दमात हवं, आणि म्हणून माणूस धरून बसवला.

शांतबसा
पट्टी आधी ठोकली असती तर माणूस वाचला असता, हे तुम्हीच सिद्ध केलंत. धन्यवाद.

तबकडीवाला
गालिचा नव्हता म्हणून स्नेअर (काडीने वाजवायचा छोटा, तडतडणारा ड्रम) इतका कडक वाजतो, हे मी मानायला तयार आहे. उघडी फरशी आवाज परतवते, गालिचा गिळतो. पण मग श्रेय फरशीला द्या.

दोन_पेडल
फरशीने दोन पाय वाजवले का?

खर्जातला
अहो, रेकॉर्डवर या! ध्वनिमुद्रक बिल मेटोयर ख्रिस्ती, शीर्षकगीताचे शब्द ऐकून तोच अस्वस्थ झाला होता. काचेपलीकडच्या माणसाला अस्वस्थ करणारी चीज भरणा नसते. आणि ज्या 'हेल अवेट्स'चे गोडवे गाताय, त्यातली लांबलचक, वळणावळणाची गाणी 'केमिकल वॉरफेअर'शिवाय सुचली असती?

तबकडीवाला
बरं बाबा, 'केमिकल वॉरफेअर' भरणा नाही. उरलेल्या साडेसात मिनिटांबद्दल माझं मत तेच.

शांतबसा
गालिचा सहा बाय सहा पुरत नाही. दोन बेस ड्रम आणि मागे स्टूल धरलं तर आठ बाय सहा लागतो, नाहीतर स्टुलाचा मागचा पाय बाहेर लटकतो.

दोन_पेडल
'किमान' हा शब्द वाचलात का?