मदत हवी आहे: गा भाषेचे उच्चार देवनागरीत कसे दाखवावेत?

घानातल्या अक्रा शहराच्या गा भाषेवर मराठीत टिपण लिहितोय. व्याकरणाचं अडत नाही: कर्ता-क्रियापद-कर्म असा क्रम, लिंगभेद नाही, निश्चितता दाखवणारा ‘लॅ’ नामानंतर येतो (‘ग्बेकॅ’ म्हणजे मूल, ‘ग्बेकॅ लॅ’ म्हणजे ते मूल). घोडं उच्चारांपाशी अडलंय.

‘क्पाक्पा’ (चांगला) वाचताना मराठी माणूस आधी क, मग प म्हणतो. प्रत्यक्षात ओठ आणि जिभेचा मागचा भाग एकदमच मिटतात नि एकदमच सुटतात. हे जोडाक्षर नव्हे, एकच व्यंजन आहे. ग्ब आणि ङ्म यांचंही तेच. अक्षराखाली नुक्ता (टिंब) चालेल का?

तोंडी स्वर सात. ते इ, ए, ऍ, आ, ऑ, ओ, उ यांत बऱ्यापैकी बसतात. अनुनासिक पाचच, ए आणि ओ वगळून. अनुस्वार दिला तर वाचक पुढे न् किंवा म् जोडतो. चंद्रबिंदू द्यावा तर ऍ-ऑवर आधीच चंद्र बसलेला!

शिवाय सूर दोन, उच्च आणि नीच. ‘ला’ म्हणजे विस्तव की रक्त, ते सुरावरच ठरतं, आणि रूढ गा लेखनात सूर दाखवतच नाहीत. नीच सुराला वेदपाठातली अनुदात्ताची आडवी रेघ द्यायचा विचार आहे. युनिकोडमध्ये ती आहे, पण काही फाँटमध्ये काना-मात्रेखाली सरकते. कोणत्या फाँटमध्ये नीट बसते?