मदत हवी आहे: दुपारी तापलं की सिंथच्या व्हीसीओचे (व्होल्टेजने स्वर ठरवणारा ऑसिलेटर) वरचे स्वर उतरतात

धागाकर्ता:
नागपूर. व्हीसीओ १ व्होल्टला १ सप्तक, पुरवठा ±१२. एक्स्पोनेन्शियल भागात (व्होल्टेजचं सप्तकांत रूपांतर करणारा) जुळवलेले दोन बीसी५४७ ट्रान्झिस्टर, सपाट बाजू एकमेकांना चिकटवलेल्या. टीएल०७२ ऑपअँपचा समर (व्होल्टेजची बेरीज करणारा), इनपुट आणि फीडबॅक १०० के (किलोओहम). त्यापुढे ५१ के + १० के ट्रिमर (स्क्रूने फिरवायचा रेझिस्टर), खाली ग्राउंडला १ के साधा मेटल फिल्म. सकाळी २८ अंशांना ० व्होल्टवर ११० हर्ट्झ, ३ व्होल्टवर ८८०. दुपारी खोली ४० ला गेली की ११० जागेवरच, पण वर ८१० येतात. जोडी पुन्हा जुळवू का?

मिलिव्होल्ट:
जोडीला हात लावू नका भाऊ, ती चोख आहे म्हणूनच ११० हलत नाही. एकट्या ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर व्होल्टेज अंशामागे २ मिलिव्होल्ट उतरतं, आणि बेसवर १८ मिलिव्होल्टला एक सप्तक. जोडी नसती तर एकेका अंशाला स्वर सव्वा सेमीटोन (सप्तकाचा बारावा भाग म्हणजे एक सेमीटोन) सरकला असता.
बिघाड स्केलमध्ये आहे, म्हणजे व्होल्टमागे किती सप्तक त्या प्रमाणात. ते १८ मिलिव्होल्ट केल्विन तापमानाच्या प्रमाणात वाढतात. ३०१ चे ३१३ झाले म्हणजे ४ टक्के. तीन सप्तकांवर जवळपास दीड सेमीटोन. ८८० चे ८१० बरोब्बर त्यातूनच येतात. खालच्या १ के च्या जागी +३३०० पीपीएमचा (अंशामागे दशलक्षात ३३०० भाग) टेम्पको, म्हणजे तापल्यावर ठरलेल्या प्रमाणात वाढणारा रेझिस्टर, लावा, आणि तो थर्मल पेस्ट लावून जोडीच्या अंगालाच बांधा. बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला असला तर काही कामाचा नाही.

धागाकर्ता:
बर्डीवरच्या दुकानांत टेम्पको मागितला की एनटीसी हातात ठेवतात. चालेल?

सोल्डरभाऊ:
अजिबात नाही. एनटीसीचा रेझिस्टन्स तापल्यावर उतरतो, चूक कैकपट वाढेल. टेम्पको ऑनलाइन मागवा, तोवर रिले वापरा. १२ व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइल साधारण ४०० ओहम भरते (मीटरने मोजून घ्या), आणि तांब्याचा गुणांक ३९०० पीपीएम. सिरीजमध्ये ७५ ओहम मेटल फिल्म टाकला की दोन्ही मिळून ३३०० च्या घरात. मग वरचा रेझिस्टर २६ के लागेल: २२ के + ५ के मल्टिटर्न ट्रिमर. कॉइल इथे निव्वळ रेझिस्टर आहे, तिला १२ व्होल्ट द्यायचे नाहीत.
जुगाडच आहे हा. कॉइल सावकाश तापते, त्यामुळे खोलीच्या मागे राहते. शिवाय ट्रान्सफॉर्मरजवळ ५० हर्ट्झचा हम उचलते, आणि बेसवर १ मिलिव्होल्ट हम म्हणजे स्वर दोन-तृतीयांश सेमीटोन थरथरणार.

मिलिव्होल्ट:
कुलरचा झोत बोर्डावर येत असेल तर जोडीवर छोटी डबी उपडी घाला. कुलरच्या दमट हवेत सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स करंट गळवतो, बोर्ड आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घासून घ्या. ट्यून करण्याआधी २० मिनिटं चालू ठेवा. ० वर ११०, मग ३ व्होल्टवर स्केल ट्रिमर, परत ०. आकडे हलायचे थांबेपर्यंत.

धागाकर्ता:
सकाळीसुद्धा ५ व्होल्टच्या वर सूर जरा उतरतो. हेही तापमानामुळेच?

सोल्डरभाऊ:
नाही. सॉटूथ (करवतीच्या दातांसारखी लहर) असेल तर तो रीसेटचा वेळ. कॅपॅसिटर रिकामा व्हायला दर फेरीत तेवढाच वेळ जातो, वरच्या स्वरांत तो जास्त टोचतो. टायमिंग कॅपॅसिटर किती आहे आणि रीसेटला कोणता फेट (स्विचसारखा ट्रान्झिस्टर) वापरलाय ते टाका, मग भरपाईसाठी सिरीज रेझिस्टर किती घ्यायचा ते सांगता येईल.